वडील गोव्यात पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले; सज्ञान मुलाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचं वय ३६. म्हापशाला राहतो, वेर्णाला खासगी कंपनीत नोकरी. वडील १९५४ साली पेडणे तालुक्यातल्या एका गावात जन्मले, मराठी शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. आई सावंतवाडीकडची. आईवडिलांचं लग्न १९८२ मध्ये घरच्या मांडवात झालं, लग्नाच्या सह्या मात्र 'नंतर केव्हातरी' झाल्या. त्याला बायको आहे आणि पाच वर्षांची मुलगी. एका एजंटाने सांगितलंय की वय उलटून गेलं, आई गोव्याची नाही, त्यामुळे केस कठीण आहे आणि खर्च जास्त येईल. नागरिकत्व मिळेल का, आणि घ्यावं का, असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कायद्यात सापडतं. दुसऱ्याचं तुमच्या घरात शोधावं लागेल. मी दोन्हींवर लिहिते, कारण माझ्या टेबलासमोर बसणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारून थांबतात आणि दुसरा दोन वर्षांनी घेऊन परत येतात.

आधी एजंटाच्या दोन्ही भीत्या बाजूला ठेवू. वयाची अट नाही. पोर्तुगालचा नागरिकत्वाचा कायदा १९८१ चा, क्रमांक ३७/८१. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की पोर्तुगीज आई किंवा पोर्तुगीज बाप असलेलं, परदेशात जन्मलेलं मूल पोर्तुगीज ठरतं. मात्र त्याचा जन्म पोर्तुगीज नागरी नोंदवहीत चढलेला हवा, किंवा आपल्याला पोर्तुगीज व्हायचंय असं त्याने जाहीर केलेलं हवं. 'आई किंवा बाप', दोघांपैकी एक पुरे. तुमची आई सावंतवाडीची असल्याने काही बिघडत नाही. छत्तिसाव्या वर्षी अर्ज केला तरी चालतो, साठाव्या वर्षी केला तरी चालतो. भाषेची परीक्षाही नाही. ती नातवंडांना आहे. आजी-आजोबांच्या नात्याने थेट अर्ज करायचा तर पोर्तुगीज भाषेचं ज्ञान लागतं, आणि वेगळ्या अटीही लागू होतात. तुम्ही मुलगा म्हणून जाताय. तुमची नोंद झाली की तुमची मुलगीही 'पोर्तुगीज बापाचं मूल' म्हणून जाईल, नात म्हणून नाही.

वडील पोर्तुगीज कसे, हे अनेकांना कळत नाही, म्हणून तेवढं सांगते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगीज भूमीवर जन्मला. भारताने २८ मार्च १९६२ च्या आदेशाने इथल्या लोकांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानलं. नको असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवायचं होतं. तुमच्या वडिलांचं वय तेव्हा सात. म्हणजे ते दोन्ही देशांच्या कागदांत बसतात आणि दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या पुढच्या सगळ्या अडचणी याच एका गोष्टीतून निघतात.

आता कागद. ही साखळी मधली कडी गाळून पुढे जात नाही. आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढतो, मग आईवडिलांचं लग्न, मग तुमचा जन्म, मग तुमचं लग्न. त्यानंतर ओळखपत्र, ज्याला आपल्याकडे अजून सगळे 'बीआय'च म्हणतात, आणि शेवटी पासपोर्ट. वडील हयात आहेत, स्वतः सही करू शकतात, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. बाप गेल्यावर धावाधाव करणाऱ्या मुलांची फाईल किती जड होते हे मी रोज बघते.

वडिलांचा जन्माचा उतारा साधा दाखला नको, पूर्ण उतारा हवा, ज्याला रजिस्ट्रीत 'तेओर' म्हणतात. पोर्तुगीज वहीतला मूळ मजकूर जसाच्या तसा त्यात येतो. तो हातात आला की घाई न करता ओळ न् ओळ वाचा. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण या भागांतल्या हिंदू घरांच्या नोंदीत तीन गोष्टी नेहमी सापडतात. मुलाचं नुसतं नाव असतं, आडनाव नसतं. बाप आणि आजा यांची नावं पुढे वेगळी लिहिलेली असतात. नावं पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली असतात: शेणवीचं सिनाय, कामतांचं कामोतीं, प्रभूंचं पोरोबो. आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही, कारण मास्तरांनी जून महिना बघून तारीख घातलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, पेन्शनची कागदपत्रं या सगळ्यांवर एक माणूस आणि पोर्तुगीज वहीत दुसराच, असं दिसतं. काही फरक 'वन अँड सेम'च्या, म्हणजे दोन्ही नावांचा माणूस एकच आहे अशा प्रतिज्ञापत्राने भागतात. तारखेचा फरक तेवढ्याने भागत नाही, तिथे नोंद दुरुस्तीच्या रीतसर वाटेने जावं लागतं. नाव बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. मात्र वडिलांचं नाव आजच्या कागदांशी जुळवायला म्हणून १९५४ ची नोंद 'सुधारून' देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. जुन्या वह्यांत मागाहून घातलेल्या नोंदींनी गोव्यात बऱ्याच घरांना पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावली आहे, आणि अशा प्रकरणात एजंट सुटतो, अर्जदार अडकतो.

नोंदच सापडली नाही तर? त्या काळी आडगावात घरी झालेले जन्म कधी कधी नोंदलेच जात नसत. आधी तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात शोधा, मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात. एका स्पेलिंगवर समाधान मानू नका. आजोबांचं नाव घेऊन शोधा, थोरल्या-धाकट्या भावंडांच्या नोंदी कुठल्या वहीत आहेत ते बघा, त्याच वहीची पुढची-मागची वर्षं चाळा. भावाची नोंद सापडली की घराण्याचं स्पेलिंग कळतं, आणि मग हवी ती नोंद पुष्कळदा दोन पानं मागे मिळते.

आता तुमच्या केसचा खरा नाजूक भाग, ज्याचा एजंटाने उल्लेखही केलेला नाही: आईवडिलांच्या लग्नाच्या सह्या. गोव्यात लग्न मांडवात लागलं, सप्तपदी झाली, गावजेवण झालं, तरी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्याखेरीज नागरी नोंद होत नाही. आपल्या बऱ्याच घरांत त्या सह्या राहून जायच्या आणि घर बांधायला कर्ज घेताना किंवा पेन्शनचं नॉमिनेशन भरताना आठवायच्या. आता पोर्तुगीज कायद्याचं चौदावं कलम बघा. नागरिकत्वासाठी पितृत्व किंवा मातृत्व धरलं जातं ते मूल अज्ञान असताना प्रस्थापित झालेलंच. म्हणजे तुम्ही अठरा वर्षांचे होण्याआधी हा माणूस तुमचा बाप आहे हे कायद्याच्या दृष्टीने ठरलेलं असलं पाहिजे. २०२४ च्या दुरुस्तीने सज्ञान झाल्यावर कोर्टात ठरलेल्या पितृत्वाला मर्यादित वाट करून दिली आहे, पण तुमच्यासारख्या घराला त्या वाटेने जायची वेळ येऊ नये.

सह्या तुमच्या जन्माआधी झाल्या असतील तर प्रश्नच मिटला. लग्नातलं मूल म्हणून बाप आपोआप ठरतो. जन्मानंतर झाल्या असतील तर लिस्बनचा अधिकारी कागदावर काय बघतो? लग्नाआधी जन्मलेलं मूल. तुमच्या आईला हे ऐकून वाईट वाटेल, आणि तिला नीट समजावून सांगा की हा तिच्या लग्नाबद्दलचा शेरा नाही, फक्त वहीतल्या तारखांचा हिशेब आहे. अशा वेळी सगळा भार तुमच्या जन्मनोंदीतल्या एका रकान्यावर येतो: जन्माची खबर कुणी दिली? वडिलांनी स्वतः जाऊन खबर दिली असेल, सही त्यांची असेल, तर बापाने मुलाला तेव्हाच आपलं म्हटलं असं धरायला भक्कम आधार मिळतो. खबर इस्पितळाने, मामाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर जास्तीचे पुरावे लागतील. संगणकावरून निघणाऱ्या जन्मदाखल्यात हा रकाना नसतो. म्हणून मूळ नोंदवहीची पूर्ण प्रत मागा. बरोबरीने तुम्ही अठराचे होण्याआधीचे, वडिलांचं नाव आणि शक्यतो सही असलेले कागद गोळा करा: शाळाप्रवेशाचा अर्ज, प्रगतिपुस्तक, त्या काळातला पासपोर्ट असेल तर तो. तुमचे वडील मास्तर होते. मास्तरांच्या घरात असे कागद ट्रंकेत जपून ठेवलेले असतात, हा माझा अनुभव आहे.

बाकीची प्रक्रिया मी भरभर सांगते, कारण ती कंटाळवाणी असली तरी अवघड नाही. इथले दाखले राज्य सरकारकडून साक्षांकित होऊन मग परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला जातात. भारत आणि पोर्तुगाल दोन्ही त्या करारात आहेत. पोर्तुगीजमध्ये नसलेल्या कागदांचं प्रमाणित भाषांतर लागतं. फाईल पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासामार्फत किंवा पोर्तुगालमधल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन दाखल करता येते. वकील निवडलात तर तो तिथल्या बार असोसिएशनच्या यादीत आहे का ते बघा, आणि लिस्बनहून मिळणारा प्रकरण क्रमांक स्वतःकडे ठेवा. मूळ कागद एजंटाकडे सोडू नका. तेओर, लग्नाचा उतारा आणि मुखत्यारपत्र, तिन्हींच्या प्रती घरात असल्याच पाहिजेत. पोर्तुगालने या कायद्यात २०१८, २०२० आणि २०२४ मध्ये फेरफार केले आहेत आणि तिथे नागरिकत्वावर वाद सुरूच असतो, म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. तुमचा अर्ज ज्या दिवशी जाईल त्या दिवशीचा नियम तुम्हाला लागू.

आता दुसरा प्रश्न: घ्यावं का?

पोर्तुगाल म्हणतो, तुम्ही जन्मापासूनच पोर्तुगीज आहात, आम्ही फक्त नोंद करतोय. तिथल्या अकराव्या कलमात ते स्पष्ट लिहिलंय. भारत म्हणतो, ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं; १९५५ च्या कायद्याचं नववं कलम तसं सांगतं. त्यासाठी तुम्हाला कुठे राजीनामा द्यावा लागत नाही, ते आपोआप संपतं. नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा. 'मी तर जन्मापासून पोर्तुगीज होतो' हे लिस्बनमध्ये उपयोगी पडणारं वाक्य पणजीत तुमच्याच विरुद्ध जातं. मग इतकी वर्षं भारतीय पासपोर्ट कसा वापरला, असा पुढचा प्रश्न येतो. २०२२ च्या नोव्हेंबरात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेनंतर गोव्यातल्या कित्येकांवर हीच पाळी आली. पोर्तुगीज नोंद लपवून भारतीय पासपोर्ट घेतला किंवा चालू ठेवला, या कारणावरून पासपोर्ट नुसते जमा करून घेण्याऐवजी रद्द झाले. जमा केल्याचा दाखला हातात नाही म्हणून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड, अडलं. आईवडील इथे, जमीन इथे, आणि माणूस आपल्याच गावात परदेशी म्हणून व्हिसा मोजत बसलेला, अशी घरं मी बघितली आहेत. त्यानंतर या धोरणात बदलासाठी केंद्राकडे पाठपुरावा झाला. तुम्ही पासपोर्ट काढायच्या टप्प्यावर याल तेव्हा काय लागू आहे, याची माहिती पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाकडून लेखी घ्या.

म्हणून माझा आग्रह क्रमावर आहे. लिस्बनमध्ये फाईल चालू असताना भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण करू नका. नवा पासपोर्ट हाती आल्यावर जुना एकदाही वापरू नका, अगदी दाबोळीहून दुबईला जायलासुद्धा. तो रीतसर जमा करा आणि दाखला घ्या. मतदारयादीतून नाव काढायचा अर्ज स्वतः भरा. दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून 'बघू पुढे' म्हणणं हे आपल्याकडे फार चालतं, आणि सगळ्यात महाग पडतं. नागरिकत्व कायद्याखाली खोटी माहिती देण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ओसीआय मिळालं की बराचसा दिलासा मिळतो. कायद्याने ओसीआयसाठी जे पात्र ठरतात त्यांत १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातले लोकही येतात. तो प्रदेश म्हणजे आपण. आजन्म व्हिसा, राहायला-काम करायला मोकळीक. पण मत नाही, पंचायतीलाही उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन, काजूबागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारशाने मिळालेली जमीन राहते. त्यांच्या पश्चात इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टाच्या कारवाईत, तुमचा हिस्सा नागरिकत्वामुळे बुडत नाही. मात्र गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. तुम्ही परदेशी आणि बायको भारतीय झाल्यावर तिने पेडण्यात भाटाचा, म्हणजे बागायतीचा, एखादा तुकडा घ्यायचा म्हटला तर गुंता होईल. जमीन घ्यायचा विचार मनात असेल तर तो आधी आटपा.

मुलीबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि मला सर्वात जास्त काळजी तिचीच वाटते. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय विद्यार्थी नीट-जेईईसारख्या परीक्षांना बसू शकतात, पण प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येवरच्या जादा, जागांवर. भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना नाहीत. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात तिला सरकारी फीत शिकवायचं स्वप्न घरात असेल, तर आज तिच्या नावाने केलेला अर्ज ते स्वप्न बदलून टाकतो. वय उलटल्याने हक्क जात नाही हे तुमच्या बाबतीत खरं आहे, तसंच तिच्याही. कायदा आजच्यासारखाच राहिला तर ती अठराची झाल्यावर स्वतः ठरवू शकते. तुम्ही तिचा बाप आहात हे अज्ञानपणीच ठरलेलं असण्यासाठी तिच्या जन्मनोंदीत आणि तुमच्या लग्नाच्या नोंदीत सगळं जागच्या जागी आहे ना, एवढं मात्र आजच बघून ठेवा. कायदा बदलला तर संधी जाईल, ही जोखीम आहेच. ती आईबापांनी डोळे उघडे ठेवून पत्करायची.

आणि वडील. तुमच्या फाईलसाठी पहिली सही त्यांची लागणार, पण त्यांना पासपोर्ट नकोय, लिस्बन बघायचं नाही, ते दर निवडणुकीला सकाळी सातला रांगेत उभे राहणारे गृहस्थ असतील. त्यांची नुसती जन्मनोंद लिस्बनमध्ये चढली तर त्यांचं भारतीय नागरिकत्व जातं का? माझं मत असं: नोंद म्हणजे नव्याने नागरिकत्व घेणं नव्हे, आणि ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतला नाही तर त्यांची बाजू मजबूत राहते. पण हे मत आहे, सरकारी हमी नाही. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या लोकांविरुद्ध नुसत्या नोंदीवरून तक्रारी झालेल्या आहेत. म्हणून त्यांना 'बाबा, इथे सही करा' एवढंच सांगून कागद पुढे करू नका. काय होऊ शकतं ते पूर्ण सांगा, दोन दिवस विचार करू द्या, आणि नाही म्हणाले तर ते 'नाही' मान्य करा. एजंट लोक बऱ्याचदा मुलाच्या फाईलबरोबर म्हाताऱ्या माणसाचंही ओळखपत्र काढून टाकतात. ते स्पष्ट शब्दांत नाकारा.

घेऊन करायचं काय, हाही विचार करा. आपल्याकडे हा पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमधलं स्विंडन आणि साउथहॉल असं समीकरण होतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. त्याआधी तिथे राहत असलेल्यांसाठी सेटलमेंट योजना होती, तिचीही सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला कामाला जायचं तर व्हिसा लागतो. आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, खुद्द पोर्तुगाल हे दरवाजे उघडे आहेत. आयर्लंड सोडलं तर भाषा शिकावी लागेल. तुमच्या कंपनीची युरोपात शाखा असेल, हातात कौशल्य असेल, आणि घर हलवायची खरोखर तयारी असेल तर हा पासपोर्ट सोन्यासारखा आहे. नुसता 'असू दे जवळ' म्हणून घ्यायचा असेल तर मी तुम्हाला थांबायला सांगेन. हक्क आत्ता जात नाही, आणि कागद मात्र आत्ताच गोळा करून ठेवता येतात.

तेव्हा या आठवड्यात दोनच कामं करा. पेडण्याच्या नोंदणी कार्यालयातून वडिलांचा तेओर मागवा, आणि आईवडिलांच्या लग्नाचा पूर्ण उतारा काढून सह्यांची तारीख बघा. तुमच्या जन्मनोंदीची पूर्ण प्रत कुठून मिळेल ते जन्म कुठल्या पंचायत किंवा नगरपालिकेच्या हद्दीत झाला त्यावर ठरेल. सह्या तुमच्या जन्माआधीच्या निघाल्या तर एजंटाने सांगितलेल्या 'कठीण केस'च्या जादा पैशांना काही अर्थ नाही. नंतरच्या निघाल्या तर खबर देणाऱ्याचा रकाना वाचून मला कळवा, तिथून पुढचं बोलू.